पश्या, तुझी तेरा नंबर पोरानं मागितलीय

ब्रॅम्पटन
शनिवार, १७ मे २०२५, रात्री दीड

प्रिय पश्या,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मी थांबतो. जानेवारीपासून एक फोन नाही, एक धड मेसेज नाही, आणि आज अचानक हे एवढं लांबलचक. तब्येत बरी आहे. शुगर गोळीवर आहे, डावा गुडघा गेला तो गेलाच. ही मजेत, नाइट शिफ्ट सुटली एकदाची. झालं, हालहवाल संपली.

जिंकले लेका, आपले टोरोंटो मेपल लीफ्स, आइस हॉकीच्या प्लेऑफमध्ये. फ्लोरिडात जाऊन, २-०. तू बघितलीस का? मागच्या वर्षी बॉस्टनच्या पास्त्रनाकनं ओव्हरटाइममध्ये गोल घातल्यावर तू शपथ घेतली होतीस की आता लीफ्स बंद, पण अशी शपथ तू २०१३ ला पण घेतली होतीस, त्यामुळे मी काय ती मनावर घेतलेली नाही. तिसऱ्या पिरियडपर्यंत ०-० होतं, आमच्या घरात कुणी श्वास घेत नव्हतं, सासूबाईंचा जप चालू होता (त्यांचा तो रोजचाच, पण मी क्रेडिट दिलं), आणि मग मॅथ्यूजनं घातला. नंतर पॅसियोरेटीनं दुसरा. आणि वोल! बावीस शॉट अडवले पोरानं. मेन गोलकीपर स्टोलार्झ पहिल्याच मॅचला कोपर लागून बाहेर गेलाय, हा बदली, आणि ह्यानं एलिमिनेशनच्या मॅचला एक पण आत जाऊ दिला नाही. म्हणजे सिरीज आता ३-३. रविवारी गेम सेव्हन, शेवटची, आपल्या घरी.

गेम सेव्हन हा शब्द वाचल्यावर तुझ्या पोटात जे झालं तेच माझ्या पोटात होतंय, म्हणून तर लिहितोय. इथं कुणाला सांगणार? ऑफिसातले सगळे लगेच जोक मारतात.

सिरीज तुला थोडक्यात सांगतो. पहिल्या दोन मॅच आपण घेतल्या, घरी. मी हिला म्हटलं, ह्या वेळची टीम वेगळी आहे, कोच बेरुबी आहे, डिव्हिजनमध्ये पहिले आलोत, १०८ पॉइंट. मग तिसरी ओव्हरटाइमला गेली आणि घातला कुणी? मार्शंडनं. हो हो, तोच. मार्चमध्ये बॉस्टन सोडून फ्लोरिडात गेला. २०१३ ला समोर तोच, १८ ला, १९ ला, मागच्या वर्षी पण तोच. आपल्या पत्रिकेतला शनि आहे तो, घर बदलतो पण साडेसाती आपलीच. मग चौथी हरलो, आणि बुधवारी पाचवी आपल्या घरात ६-१. सहा एक, पश्या! लोकांनी बर्फावर जर्स्या फेकल्या. शे-दोनशे डॉलरच्या जर्स्या, अंगातनं काढून. टीव्हीवर दिसलं, आणि माझं कार्टं शेजारी बसून म्हणालं, "बाबा, मी तिथं असतो ना, तर मीपण फेकली असती." त्याच्या अंगात मार्नरची सोळा नंबर. ती काढून त्यानं कपड्यांच्या ढिगात टाकली आणि झोपायला गेला. मी म्हटलं चला, सुटला. सोळा वर्षांचा आहे, सगळं आयुष्य पडलंय, बास्केटबॉल बघेल.

तर आज मॅच संपल्यावर तो वर गेला नाही. बेसमेंटमध्ये काहीतरी उचकापाचक चालली होती. वर आला तो हातात तुझी जर्सी घेऊन. तेरा नंबर, आपला जुना कॅप्टन सुंदीन, छातीवर कॅप्टनचा सी. तुझ्या त्या खोक्यातली, २०१४ मध्ये निघताना तू "ठेव, नंतर नेतो" म्हणालास ते खोकं. "बाबा, संडेला मी मित्रांबरोबर डाउनटाउनला चाललोय, स्टेडियमच्या बाहेर स्क्रीनवर बघायला. ही घालू?" आणि मग हळूच म्हणाला, "बाबा, ह्या वेळी वाटतंय यार."

मला काही बोलता आलं नाही. काकांना विचारतो, म्हटलं. ते काका म्हणजे तू. म्हणून पत्र.

आता तू म्हणशील जर्सी ती जर्सी, घालू दे, एवढं काय. पण ती तू पहिल्या पगारात खऱ्या दुकानातनं घेतली होतीस, तीन महिने आपण भाड्यासाठी रडत होतो आणि हा साहेब जर्सी घेऊन आला. त्यावरनं आपण दोन दिवस बोलत नव्हतो. आणि पोटावर तो लाल डाग अजून आहे. २००४, ऑटावाविरुद्ध, आपल्या न्यूवेनडाइकनं दुसरा घातला आणि तुझ्या हातातली मिसळीची वाटी तुझ्याच अंगावर. स्कारबरोच्या त्या बेसमेंटमध्ये फरसाण मिळालं म्हणून केवढा आनंद, आणि ते सगळं सुंदीनच्या पोटावर. ती जिंकलो होतो, आठवतंय ना? आपण जिंकलेली शेवटची गेम सेव्हन. त्यानंतर १३, १८, १९, २१, २२, २४. सहाच्या सहा घालवल्या. माझ्या पोरानं जिंकलेली गेम सेव्हन बघितलेलीच नाही. १३ ला तो चार वर्षांचा, सोफ्यावर झोपला होता, आणि आपण दोघं त्याच्या डोक्यावरनं ओरडत होतो.

थांब, त्यावरून आठवलं. एक कबूल करायचंय. बारा वर्षं मी तुला सुनावतोय की २०१३ ला बॉस्टनविरुद्ध ४-१ असताना तू उठून "आता कोण हरवतंय" म्हणालास आणि नजर लागली. आपल्या कद्रीनं चौथा घातला, तिसरा पिरियड, आणि मग बॉस्टनचा हॉर्टन, मग दीड मिनिट पण राहिलं नसताना लुचिच, मग ५१ सेकंद असताना बर्जरॉन, मग ओव्हरटाइमला परत बर्जरॉन. सगळ्यांना सांगितलं मी, तुझ्या लग्नाच्या वाढदिवसाला पण सांगितलं. तर खरं असं आहे, की तू बोलायच्या आधी मी बाथरूममध्ये गेलो होतो ना, तिथनं मी हिला कामावर मेसेज केला होता. "जिंकलो." एक शब्द. तिच्याकडं बरेच दिवस तो मेसेज होता, फोन बदलला तेव्हा गेला. तर आता तू हवं ते म्हण. पण तू पण बोललास हे खरंच आहे, फक्त पहिला मी होतो.

मला नक्की भीती कसली वाटतेय तेच कळत नाहीये. हरण्याची नाही, ती सवय आहे. १९६७ नंतर लीगचा कप, स्टॅनली कप, नाही, तेव्हा लीगमध्ये सहाच टीम होत्या, आणि ज्याच्या नावाची कॉफी आपण रोज डबल-डबल प्यायचो तो टिम हॉर्टन त्या टीमचा डिफेन्समन होता हे तुला तीन वर्षांनी कळलं, तोपर्यंत तुला तो कॉफीवालाच वाटत होता. कॅरोलिनाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले म्हणून बर्फ पुसायची गाडी चालवणाऱ्या ४२ वर्षांच्या माणसाला गोलमध्ये उभा केला आणि आपण त्याच्याकडनंसुद्धा हरलो, २०२०, तो फोटो तूच मला पाठवला होतास. तर हरणं ठीक आहे. पण पोरगं बुधवारी सुटलं होतं रे, आणि आज परत अडकलं, आणि अडकलं ते तुझ्या-माझ्या जर्सीत. म्हणजे हे आपण दिलंय त्याला. रविवारी परत सहा-एक झालं आणि त्या गर्दीत त्यानं ती अंगातनं काढून रस्त्यावर फेकली तर? किंवा न फेकता तशीच घालून रात्री गो ट्रेननं एकटा परत आला तर? मला दुसरं जास्त वाईट वाटेल असं वाटतंय.

आपलं पण असंच झालं ना. आपल्याला कुणी विचारलं होतं? खडकीत जन्मलो, संपलं. फॅक्टरीच्या ग्राउंडमनचा मुलगा तुटक्या स्टिकवर शिकून इंडियाकडनं हॉकी खेळतोय म्हटल्यावर बोपोडी ते रेंजहिल्स सगळ्या पोरांच्या हातात काठ्या. सुतळी बांधलेल्या. तुझी तर चक्क मच्छरदाणीची होती. धनराज पिल्ले केस उडवत पळायचा आणि आपण सगळे केस वाढवायचो, तुझे वाढायचेच नाहीत. बँकॉक एशियाडला ९८ मध्ये सोनं आलं तेव्हा बाजारात फटाके, आणि दोन वर्षांनी सिडनी ऑलिम्पिक. पोलंड. जिंकलो की सेमीफायनल, १-० पुढं, दोन मिनिटं पण उरली नव्हती. तुमच्या घरी बघत होतो. त्यांनी बरोबरी केली आणि अण्णांनी उठून टीव्ही बंद केला, एक शब्द न बोलता. आणि काकू ताटं घेताना म्हणाल्या, "पोलंडच्या पोरांच्या आया खूश असतील आज." तुला इतका राग आला की तू जेवला नाहीस. मी जेवलो. पिठलं होतं.

जानेवारीत तुझा मेसेज आला ना पश्या, तेव्हा मला पहिलं हेच आठवलं, पोलंडच्या आया. आणि मी फोन केला नाही, कारण फोनवर मी हेच बोललो असतो आणि तुझ्याकडं माणसं बसलेली असणार. मग हात जोडलेला इमोजी टाकला. उद्या करू, परवा करू करत मे आला. मला ह्यातलं काही जमत नाही हे तुला माहितेय. अण्णा जेवतात का नीट? त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? लिही.

हां तर सुंदीन. पोरानं विचारलं, बाबा हा एवढा ग्रेट होता का, कप तर जिंकला नाही. मी म्हटलं बस खाली. लीफ्ससाठी ४२० गोल, अजून रेकॉर्ड आहे, मॅथ्यूज आता ४०१ वर आहे. (चारसोबीस म्हटल्यावर त्याला कळलंच नाही मी का हसतोय.) त्याला ५०० वा गोल सांगितला, २००६, कॅल्गरी, ओव्हरटाइम, आपला एक जण पेनल्टी बॉक्समध्ये, तरी ह्यानं घातला, हॅटट्रिक पण तीच. आणि २००२, कॅरोलिना, गेम सिक्स, २२ सेकंद राहिलेले आणि ह्यानं बरोबरी केली, वरचा घरमालक खाली धावत आला, आणि मग ओव्हरटाइममध्ये त्यांच्या जेलिनानं घातला ते मी सांगितलंच नाही. पोराला बरोबरीपर्यंतच सांगितलं. तू गद्दार म्हणायचास त्याला ते पण नाही सांगितलं. क्लबनं सांगितलं दुसरीकडं जा, कप मिळेल, तर हा म्हणाला नाही, मी इथंच, आणि मग दहाएक महिन्यांत व्हँकुव्हरला सही केली, तेव्हा तू जर्सी डस्टबिनमध्ये टाकली होतीस आणि मी ती रात्री काढली. म्हणजे तशी बघितली तर जर्सी निम्मी माझी आहे. आणि फेब्रुवारीत तो व्हँकुव्हरकडनं इथं खेळायला आला, सगळं स्टेडियम उभं, आणि शूटआउटला त्यानंच आपल्याला हरवलं, तेव्हा सोफ्यावरनं उठून टाळ्या कोण वाजवत होतं रे? मी नव्हतो.

आणि लीफ्सचा जुना डिफेन्समन सालमिंग, त्याची ती रात्र. २०२२, नोव्हेंबर. तुझ्याकडं पहाट होती, तुझा एकच मेसेज, "बघतोयस का". एका बाजूला सुंदीन, एका बाजूला त्याच्या वेळचा कॅप्टन सिटलर, मध्ये तो म्हातारा, बोलता येत नाही, हात वर जात नाही, आणि सिटलरनं रडत रडत त्याचा हात धरून वर केला. १९७३ ला स्वीडनहून आला तेव्हा समोरच्या टीमचे प्लेयर त्याला चिकन म्हणून चिडवायचे, मारायचे, आणि तो सोळा वर्षं इथं टिकला. दोन आठवड्यांत गेला. मी तुला उलट मेसेज "हो" एवढाच केला होता. बघ, माझं हे जुनंच आहे.

मार्नरचं पण मला वाईट वाटतं. मार्खमचा पोरगा, घरचा, आणि सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच. करार संपतोय, रविवारी हरले तर शेवटचीच मॅच धर. धनराजला पण खडकीत पानाच्या टपरीवर बसून काय काय बोलायचे लोक, आठव. घरच्याला जास्त.

बरं, कळव. लवकर कळव, तुझ्याकडं आता सकाळ आहे, झोपायच्या आधी उत्तर टाक. नाही म्हणालास तर मी त्याला सांगेन काका नाही म्हणाले, तुझ्यावर ढकलेन. मॅच इथं रविवारी संध्याकाळी, म्हणजे तुझ्याकडं सोमवारी पहाटे पाच. हॉकी नाइट पंजाबीवरच लाव जमलं तर, आपली इंग्लिश कॉमेंट्री कधीच जिंकलेली नाही. तिसऱ्या पिरियडमध्ये फोन करू नकोस. पुढं असलो तर अजिबात करू नकोस, आणि मीपण कुणाला मेसेज करणार नाही, फोन हिच्याकडं देऊन ठेवणार आहे.

चिंगीचं लग्न डिसेंबरात ना? तिकीट बघतो, खरंच बघतो. वहिनींना नमस्कार, अण्णांना साष्टांग.

तुझाच,
बाळ्या

ता.क. एवढं लिहून पाणी प्यायला उठलो तर कार्टं सोफ्यावर झोपलंय, जर्सी अंगात. खांद्याला ढगळ आहे पण लांबीला बरोबर येते. डाग त्यानं घासायचा प्रयत्न केलेला दिसतोय, निघालेला नाही.