घोडेस्वारी शिकवणाऱ्याची परीक्षा कोण घेतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सध्या आपल्या अंकात रोज येत आहेत. परवा नातवाने त्यातली एक वाचून दाखवली : ‘सात दिवसांत घोडेस्वारी, दुडकीपासून चौखूर दौडीपर्यंत.’ मी लष्कराच्या घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त झालो आणि गेली चौदा वर्षे मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो आहे. सात दिवसांत मी मुलाला खरारा म्हणजे घोड्याचे अंग घासून साफ करायला, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा कसायला आणि लाँजच्या, म्हणजे मधे उभ्या शिक्षकाने धरलेल्या लांब दोरीवर फिरणाऱ्या घोड्यावर मांड न सोडता बसायला शिकवू शकतो. सात दिवसांत चौखूर दौडवणारा मुलाला शिकवत नाही, नशिबावर सोडतो.

मोटार ट्रेनिंग स्कूल काढायचे तर आरटीओचा परवाना लागतो. चारशे-पाचशे किलोच्या, स्वतःचे डोके असलेल्या आणि कागदाच्या फडफडीनेही बुजणाऱ्या जनावरावर दहा वर्षांचे मूल बसवणाऱ्याने काय शिकलेले असावे, याची मात्र कायद्याने कसलीच परीक्षा नाही. दोन घोडे, एक मोकळे शेत आणि फलक एवढ्यावर वर्ग सुरू होतो. 2018 च्या आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झाने घोडेस्वारीत रौप्य मिळवले आणि 2023 मध्ये हांगझोऊला मुंबईचा हृदय छेडा ज्या संघात होता त्या भारतीय ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाने सुवर्ण आणले. त्यानंतर पालक आपणहून चौकशीला येतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच काळजीही वाटते.

या वर्गांतून शिकवतात कोण? निवृत्त लष्करी किंवा पोलीस स्वार, रेसकोर्सवर काम केलेली मुले, लग्नाच्या घोडीचे मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारे. मोतद्दाराला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. जनावराचा कान कुठे वळला, हे तो माझ्याआधी ओळखतो. पण घोडा ओळखणे वेगळे आणि घाबरलेल्या मुलाला घोड्यावर शिकवणे वेगळे. त्यासाठी मुलाच्या टाचा, गुडघे, खांदे आणि श्वास एका नजरेत पाहावे लागतात. कुठल्या मुलाला कुठला घोडा द्यायचा हे ठरवावे लागते, आणि नको वाटले तर ‘आज नाही’ असे फी भरलेल्या बापाला सांगावे लागते.

घोड्याचेही सांगतो. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, स्वस्तात मिळतात, म्हणून बऱ्याच वर्गांत तेच दिसतात. जनावर उमदे असते, पण त्याची तालीम शर्यतीची असते. लगाम ताणला की त्या आधारावर तोंड टेकून तो आणखी जोर लावायला शिकलेला असतो. नवशिक्या मुलाचा तोल गेला की ते काय करते? दोन्ही हातांनी लगाम ओढते आणि पायांनी पोट आवळते. मुलाला म्हणायचे असते ‘थांब’, घोड्याला कळते ‘पळ’. असा घोडा महिनोन् महिने नव्याने शिकवल्याशिवाय मुलांखाली देता येत नाही. हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती वर्ग असू नये.

चार वर्षांपूर्वी एका शेतघरावरच्या वर्गात मला घोडा पाहायला बोलावले होते. मी पोचलो तेव्हा नऊ-दहा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून हात छातीशी धरून रडत होती. खोगीर घोड्याच्या पोटाखाली फिरले होते. तंग कसताना घोडा पोट फुगवतो, म्हणून चार पावले चालवून तंग पुन्हा ओढावा लागतो. ते कुणी केले नव्हते. डोक्यावर सायकलचे हेल्मेट होते, तेही हनुवटीचा पट्टा न लावलेले. पायात रबरी चपला होत्या. टाच असलेला बूट नसला की पाऊल रिकिबीत (खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत) आरपार जाते आणि घोडा उधळला तर मूल फरफटत जाते. तिचे पाऊल सुटले, हे तिचे नशीब. गळपट्टीचे हाड मोडले होते. गाडी काढायची सोडून मालकाने आधी फाइल काढली आणि वडिलांना त्यांचीच सही दाखवली : ‘कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही.’

त्या कागदाबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण तो दोन्ही बाजूंना फसवतो. पालकांना वाटते, सही केली, आता बोलायची सोय नाही. मालकाला वाटते, सही घेतली, आता काळजी नाही. मी वकील नाही, पण एका जाणत्या वकिलांकडे बसून समजून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका हॉटेलच्या प्रकरणात निकाल दिला : पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, गाडी चोरीला गेली, तर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापून हॉटेलला स्वतःच्या हयगयीतून सुटता येणार नाही. गाडीला हा न्याय असेल, तर पोटच्या पोरासाठी तो नको? जो खासगीत फी घेऊन शिकवतो तो सेवा देतो, आणि सेवेत हयगय झाली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीने मृत्यू घडवल्यास कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कलम 291 तर ताब्यातल्या जनावराबाबत केलेल्या निष्काळजीपणाबद्दलच आहे.

यातले बरेच फॉर्म अमेरिकेतल्या फॉर्मची उचल असतात. तिथे बहुतेक राज्यांनी घोडेस्वारी शिकवणाऱ्यांना संरक्षण देणारे कायदे केले, पहिला वॉशिंग्टन राज्याने 1989 मध्ये. पण ते संरक्षण घोड्याच्या अंगच्या धोक्यापुरते आहे. सदोष खोगीर-लगाम दिला किंवा स्वाराची कुवत न पाहता घोडा दिला, तर साधारणपणे तिथेही सुटका नाही. आपल्याकडे वरचे वाक्य तेवढे आले, खालची अट गळाली. इंग्लंडमध्ये तर 1964 च्या कायद्यापासून स्थानिक प्रशासनाच्या परवान्याशिवाय असा वर्ग चालवता येत नाही. घोड्यांची पशुवैद्याकडून तपासणी होते, चालवणाऱ्याकडे पात्रता किंवा दाखवता येईल असा अनुभव लागतो, आणि शिकणाऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा विमा सक्तीचा आहे.

पहिली सहा वर्षे मीही विम्याशिवाय, नुसती सही घेऊन शिकवत होतो. ती माझी चूक होती. अपघात झाला नाही म्हणून ती चूक ठरत नाही, असे नाही. आज माझ्याकडे तिसऱ्या पक्षाच्या दायित्वाचा, म्हणजे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा आहे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मी पुन्हा पुन्हा घेतो. सहीचा कागद अजूनही आहे, पण त्यावर धोके लिहिले आहेत : घोडा बुजतो, लाथ मारतो, चावतो, पडाल तर हाड मोडू शकते. पालकांना ते मी वाचून दाखवतो. त्या कागदाचे काम एवढेच.

राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनासाठी नोंदणीचे धोरण आणले. घोडेस्वारीच्या वर्गांसाठी तशीच स्वतंत्र, नेमकी नियमावली हवी. ती पशुसंवर्धन आणि क्रीडा विभागांनी मिळून करावी, आणि त्यात लग्नाच्या घोडीच्या मोतद्दारालाही परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायची वाट असावी. नाहीतर नियमाने फक्त श्रीमंतांचे क्लब उरतील, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या घोडा आहे ते बाहेर पडतील.

तोवर पालकांनी पैसे भरण्याआधी एक सकाळ वर्गाबाहेर उभे राहून पाहावे. तंग दुसऱ्यांदा कोण तपासतो? स्वारीसाठीचेच हेल्मेट आहे का? पहिल्या दिवशी मूल दोरीवर आहे की मोकळ्या घोड्यावर? विम्याची प्रत मागावी. चांगला शिक्षक रागावणार नाही.

आपल्याकडेही एक मागणे आहे. शिबिराची जाहिरात घेताना शिकवणाऱ्याची पात्रता आणि विमा आहे की नाही, एवढ्या दोन ओळी छापण्याची अट घालावी. ती मुलगी हाड जुळल्यावर माझ्याकडे आली. पहिले तीन आठवडे ती घोड्यावर बसलीच नाही, नुसती चंदी चारायची आणि लांब उभी राहायची. चौथ्या आठवड्यात तिने स्वतः तंग तपासला, घोड्याला चार पावले चालवले आणि पुन्हा ओढून पाहिला.

आपला,
एक निवृत्त दफेदार, जि. सातारा