डिझायनरची मुलाखत आणि फुकटचा गृहपाठ

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मुलाखतीत काय बोलावे, कसे बसावे, पोर्टफोलिओ कसा मांडावा, याबद्दल उमेदवारांना सल्ला देणारे लेख वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांत नेहमी येतात. मुलाखत घेणाऱ्यांना मात्र कोणी चार शब्द सांगताना दिसत नाही. मी गेली ९ वर्षे तंत्रज्ञान स्टार्टअपमध्ये डिझायनर म्हणून काम करते. सुरुवातीची वर्षे मुलाखती देण्यात गेली, अलीकडे त्या घेण्याची वेळ येते. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर जे खटकले, विशेषतः ‘असाइनमेंट’ या नावाखाली जे चालते, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, डिझायनरची निवड एका बैठकीत होत नाही. आधी एचआरचा फोन, मग पोर्टफोलिओचे सादरीकरण, मग घरी करायची असाइनमेंट, मग व्हाइटबोर्डवर ऐनवेळी सोडवायचा प्रश्न, त्यानंतर प्रॉडक्ट मॅनेजर व इंजिनीअर यांच्याशी बोलणे आणि शेवटी संस्थापकांची भेट, अशा पाच-सहा फेऱ्या सहज होतात. त्यांतली पोर्टफोलिओची फेरी मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण केलेले काम समोर असते आणि ते तसेच का केले हे विचारता येते. अर्थात गोपनीयतेच्या करारामुळे अनेकांना आपले उत्तम काम दाखवता येत नाही आणि ‘हे दाखवू शकत नाही’ असे सांगणाऱ्याकडे काहीतरी लपवत असल्यासारखे पाहिले जाते. जो करार मोडून सगळे दाखवतो तो उद्या आपलेही दाखवील, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता असाइनमेंटकडे येते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मला तिच्याच ॲपमधील नोंदणीचा टप्पा नव्याने रचायला सांगितला होता. लोक मोबाइल नंबर टाकतात, ओटीपीची वाट पाहतात आणि तिथूनच परत फिरतात, ही त्यांची खरीखुरी अडचण होती. ईमेल शुक्रवारी संध्याकाळी आला आणि मुदत सोमवारी सकाळची होती. मी ओळखीच्या ५ जणांना ते ॲप वापरायला लावले, कोण कुठे अडखळतो ते टिपून घेतले, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये १४ स्क्रीन काढले आणि क्लिक करून पाहता येईल असा प्रोटोटाइपही जोडला. सादरीकरणात रंगांबद्दल दोन प्रश्न आले. बाकी सगळी चौकशी, हे प्रत्यक्षात आणायला किती दिवस लागतील, याचीच होती. शेवटी ‘फाइल एडिट ॲक्सेससह पाठवा’ असे सांगण्यात आले. उत्तरपत्रिका तपासायला ती बदलण्याचा अधिकार कशाला हवा, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही आणि मी निमूटपणे फाइल पाठवली. त्यानंतर माझ्या दोन ईमेलना उत्तर आले नाही. तीन महिन्यांनी ॲप अपडेट झाले तेव्हा नंबर आणि ओटीपी एकाच स्क्रीनवर आले होते आणि नंबर कशासाठी हवा हे सांगणारी एक ओळ खाली होती, अगदी मी ठेवली होती तिथे.

चोरी झाली असे मी म्हणणार नाही. अशा प्रश्नाची शहाणी उत्तरे दोन-चारच असतात आणि त्यांच्या माणसांनाही ती सुचली असतील. पण संशयाला जागा राहिली ती प्रश्न त्यांच्या स्वतःच्या कामातला होता म्हणून. एखादे काल्पनिक ॲप घेऊन हीच परीक्षा घेता आली असती.

कामाचा नमुना पाहूच नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली, ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेताना, प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्या चाचण्या आणि सर्वांना ठरावीक प्रश्न विचारणाऱ्या मुलाखती या मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक भरवशाच्या ठरतात, असे दाखवले होते. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ती गणिते नव्याने मांडली, बरेच आकडे खाली आणले, तरी ठरावीक प्रश्नांची मुलाखत वरच्या क्रमांकावरच राहिली. तेव्हा नमुना जरूर घ्यावा. मात्र परीक्षा आणि वेठबिगारी यांतली रेघ पुसली जाऊ नये.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. शंभर मजली इमारतीच्या लिफ्टची बटणे कशी रचाल, हा आमच्या क्षेत्रातला घासून गुळगुळीत झालेला प्रश्न मी एका उमेदवाराला विचारला होता. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, की या लिफ्टमध्ये सामान घेऊन कोण चढते, त्याचे हात मोकळे असतात का? वेळ संपेपर्यंत त्याच्या फळ्यावर जेमतेम एक आकृती होती आणि मी माझ्या कागदावर ‘मंद’ असा शेरा लिहिला. ज्याने आल्याआल्या बटणांच्या चार रांगा काढल्या त्याला आम्ही पुढच्या फेरीत घेतले. हातांबद्दलचा तो प्रश्न मला आजही आठवतो. त्या चार रांगा कशा होत्या ते मात्र आठवत नाही. गुण कशाला द्यायचे हे आधी लिहून ठेवले नसले, की मार्कर भराभर चालवणाराच हुशार वाटतो.

पुढे आमच्याही कंपनीत ‘फक्त ३ तासांची’ म्हणून एक असाइनमेंट दिली जात असे. एकदा मी आमच्याच चमूतल्या एका अनुभवी सहकाऱ्याला ती सोडवायला सांगितली. त्याला दीड दिवस लागला, आणि तो तर रोज हेच काम करणारा! नोकरी सांभाळून, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असताना अर्ज करणाऱ्याने हा दीड दिवस कुठून आणायचा? तेव्हापासून आम्ही घरचा अभ्यास बंद केला. आता उमेदवाराला समोर बसवून, आम्हीच मुद्दाम बिघडवलेला एक काल्पनिक फॉर्म तासभर त्याच्याबरोबर पाहतो. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे असतात, त्यामुळे वाचनीयतेसाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात लागणारे ४.५:१ हे किमान प्रमाण पाळलेले नसते. बटणेही बोट नीट टेकणार नाही इतकी बारीक असतात. कोणी हे दोष पटापट दाखवतो, कोणी आधी हा फॉर्म भरणार कोण असे विचारतो. दोन्हींना गुण आहेत, आणि किती ते आधीच कागदावर असते. त्या तासाभरात माणूस किती कळतो, हे पाहून सुरुवातीला आम्हालाच नवल वाटले.

ज्यांना मोठे काम करवून घेतल्याशिवाय निवड जमतच नाही, त्यांनी त्याचा मोबदला द्यावा आणि त्या कामावर हक्क कोणाचा हे आधी लिहून कळवावे. नकार द्यायचा असेल तर दोन ओळींत द्यावा. उमेदवारांनीही हे विचारायला संकोचू नये, असे म्हणणे सोपे आहे. नोकरीची गरज असलेला माणूस ते विचारत नाही, मीही विचारले नव्हते. म्हणून आपणांस एक विनंती आहे. आपल्या दैनिकात नोकरीच्या जाहिराती देणाऱ्या कंपन्यांना, एकूण फेऱ्या किती, घरी करायचे काम आहे का, आणि असल्यास त्याचा मोबदला मिळणार का, एवढ्या तीन गोष्टी जाहिरातीतच छापण्याचा आग्रह आपण धरावा.

कळावे.

आपली नम्र,
एक वाचक
(व्यवसायाने प्रॉडक्ट डिझायनर)