अडीच तारे म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शुक्रवारच्या परीक्षणात दोन तारे आणि रविवारी दुपारच्या खेळाला ‘हाउसफुल’ची पाटी, असं झालं की ठरलेली भांडणं सुरू होतात. समीक्षकांना लोकांची नाडी कळत नाही, असं एक बाजू म्हणते. लोकांना अभिरुचीच नाही, असं दुसरी. खरं तर दोघांपुढचे प्रश्नच वेगळे असतात. चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरून पैसे वसूल झाले का आणि ट्रेलर बघून वाटलं होतं तेच मिळालं का, हे प्रेक्षक बघतो. दिग्दर्शकाला काय करायचं होतं, ते किती साधलं आणि आधी कुणी केलंय का, हे समीक्षक बघतो. उत्तरं मात्र दोघांचीही ताऱ्यांतच मागितली जातात.

आकड्यांचा घोळ इथूनच सुरू होतो. परीक्षणं एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरची समीक्षकांची टक्केवारी म्हणजे सरासरी गुण नव्हेत, किती परीक्षणं अनुकूल आहेत, एवढंच ती सांगते. दहा जणांनी पाचपैकी तीन-तीन तारे देऊन ‘ठीक आहे’ म्हटलं आणि दहाही परीक्षणं अनुकूल धरली गेली, की झाले 100 टक्के. सहा जणांनी पाच तारे दिले आणि चौघांनी दोन, तर 60 टक्के. सरासरी काढली तर पहिला चित्रपट तीनवर अडकतो आणि दुसरा 3.8 वर जातो. शिवाय तिथे प्रेक्षकाचा कौल अनुकूल धरायला साडेतीन तारे लागतात. म्हणजे तीन तारे समीक्षकाने दिले तर ते सहसा ‘पसंत’मध्ये जातात आणि प्रेक्षकाने दिले तर ‘नापसंत’मध्ये. हे दोन आकडे शेजारी छापून ‘समीक्षक विरुद्ध प्रेक्षक’ असा मथळा देण्यात काय अर्थ आहे?

अमेरिकेतली ‘सिनेमास्कोअर’ ही संस्था 1979 पासून पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी भरून घेते. ‘हेरेडिटरी’ (2018) या भयपटाला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण सिनेमास्कोअरची श्रेणी आली ‘डी प्लस’, म्हणजे तळाजवळची. दचकवणारं भूत बघायला गेलेल्यांपुढे एका घराचं दुखणं सावकाश उलगडत राहिलं. ती श्रेणी चित्रपटापेक्षा जाहिरातीची जास्त होती, असं आम्हाला वाटतं.

पहिल्या दिवशी तिकीट काढणारा बहुधा आधीच निम्मा पटलेला असतो. समीक्षकाला ही सोय नाही, समोर येईल ते बघावं लागतं. आठवड्याला चार-पाच चित्रपट बघणाऱ्याला जुनी युक्ती लगेच ओळखू येते आणि नवी दिसली की तो जरा जास्तच हुरळतो. वर्षाला सहा चित्रपट बघणाऱ्या घराला ती जुनी युक्ती नवीच असते. दोघंही खरंच बोलत असतात.

आता ज्याची चर्चा जवळपास होतच नाही ते. दोघांनी पाहिलेला चित्रपट कित्येकदा अक्षरशः एकच नसतो. सिनेमाचं ध्वनिमिश्रण करताना डॉल्बी प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, सातवर ठेवतात. ‘आवाज फार मोठा आहे’ अशा तक्रारी आल्या की अनेक चित्रपटगृहांत तो पाचवर आणून ठेवतात. दोन आकडे खाली म्हणजे साडेसहा डेसिबलहून जास्त घट. गाणी आणि हाणामारी तरीही ऐकू येते, पण कुजबुजत्या स्वरातला संवाद एसीच्या घरघरीत बुडतो. प्रेक्षक म्हणतो, नट पुटपुटतोय. नीट जुळवलेल्या प्रिव्ह्यू थिएटरात बसलेला समीक्षक त्याच प्रसंगाला ‘संयत अभिनय’ म्हणतो. प्रकाशाचंही तसंच. पडद्यावर पांढऱ्याची चमक 48 कँडेला प्रति चौरस मीटर असावी, असं डिजिटल प्रक्षेपणाचं मानक सांगतं. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा तास भरत जातात तसा मंद होतो. तो वेळेवर बदलला नाही, तर रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात आणि शिव्या खातो छायाचित्रकार.

गर्दीचा फरक वेगळाच. ‘बाईपण भारी देवा’ (2023) मधल्या सहा बहिणींची मंगळागौर बायका घोळक्याने, नटूनथटून बघायला गेल्या आणि तो घोळकाच निम्मा खेळ होता. प्रेस-शोच्या तीस-चाळीस खुर्च्यांवर वह्या घेऊन बसलेल्यांना तो अनुभव मिळणार कुठून? उलट ‘कोर्ट’ या चित्रपटात शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवतात, पडदा काळा होतो आणि तसाच राहतो. नेहमीचा प्रेक्षक इथे चपला शोधायला लागतो. पण मग न्यायाधीशांची सहल सुरू होते आणि तिथेच चित्रपट आपलं म्हणणं पुरं करतो. हे थांबून बघा, असं आधी सांगणारा कुणीतरी लागतो आणि ते काम समीक्षकाचंच आहे.

ते काम आज होत नाही. तीन-चारशे शब्दांतले निम्मे कथानकात जातात. उरलेल्यात छायाचित्रण ‘नेत्रसुखद’, इतरांनी ‘उत्तम साथ दिली’ आणि ‘कात्री लावायला हवी होती’. कात्रीवाल्या वाक्याचा आम्हाला विशेष कंटाळा आहे. मध्यंतरानंतर ताणलं, ही प्रेक्षकाची तक्रार बहुतेकदा बरोबर असते. कुठे दुखतं ते रोग्यालाच कळतं. पण दोष अनेकदा पूर्वार्धात असतो. मध्यंतरापर्यंत नायकाला काय हवंय आणि आडवं काय येतंय हेच ठरलं नसेल, तर पुढची वीस मिनिटं कापून काही होत नाही, लांबी फक्त कमी होते. एकच माहिती देणारे दोन प्रसंग लागोपाठ आले की तेही संकलकाच्या माथी मारलं जातं. ते पटकथेत शोधावं.

म्हणून विनंती अशी. परीक्षणाखाली छोटी चौकट द्यावी: चित्रपट कुठे पाहिला (प्रेस-शो की तिकीट काढून भरल्या खेळात), कालावधी किती, मुलांना नेता येईल का, ट्रेलरने दाखवलेलं आत आहे का. कथानक शंभर शब्दांत उरकावं, म्हणजे दोन प्रसंग तरी उलगडून दाखवता येतील. तारे द्यायचेच असतील तर एक तारा म्हणजे काय आणि चार म्हणजे काय, हे एकदा ठरवून पानावर छापावं. आणि अर्धा तारा तेवढा बंद करावा. अडीच तारे मिळाले की निर्माताही रागावत नाही आणि वाचकाला तिकीट काढायचं की नाही तेही कळत नाही.

आपले,
फिल्म सोसायटीचे काही कार्यकर्ते, पुणे