तात्यांच्या डिस्चार्ज बुकातल्या मोकळ्या ओळी : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय, जय हिंद.

गेल्या २६ जानेवारीला माझ्या भाच्याने तात्यांसाठी बाजारातून दोन पदके आणली. तात्या म्हणजे माझे वडील. पायदळातले माजी लान्स नायक, वय ऐंशीच्या पुढे. पूर्वी स्टार, म्हणजे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असल्याचे पदक, आणि त्याच युद्धाचे संग्राम मेडल, फितीसकट, अगदी चकचकीत. छावणीजवळच्या दुकानांत अशी पदके सहज मिळतात आणि मूळ पदक हाती न आलेले कितीतरी जवान ती विकत घेऊन लावतात. तात्यांनी चष्मा चढवला, एकेक पदक हातात घेतले, त्याची पाठ पाहिली, कडा पाहिली. कुठेच काही कोरलेले नव्हते. सरकारकडून आलेल्या पदकावर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव असते. त्यांना मिळालेल्या १९६५ च्या रक्षा मेडलच्या कडेवर ते अजून वाचता येते. "ही माझी न्हाईत," एवढेच बोलून त्यांनी दोन्ही पदके नातवाच्या हातात परत ठेवली आणि एकटे रक्षा मेडल लावून ते शाळेत झेंडावंदनाला गेले.

ही पदके तात्यांना सरकारकडून मिळायला हवी होती, पण त्यांची नोंदच झाली नाही. त्या दिवशी मी ठरवले की त्यासाठीचे अर्ज आता पुरे झाले, तुम्हालाच लिहायचे.

तात्या १९६३ साली भरती झाले. चीनच्या युद्धानंतर गावागावातून पोरे भरतीला निघाली होती, त्यांच्यातले ते एक. दहा वर्षे कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी, करून १९७३ मध्ये ते फौजेच्या राखीव दलात गेले, म्हणजे घरी आले पण बोलावले तर हजर व्हायचे, आणि १९७८ पासून पेन्शन खातात. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांची पलटण पूर्व आघाडीवर होती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा तात्या सीमेच्या पलीकडे होते, अंगावर ओला गणवेश, पायात फाटलेले बूट. हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे, तेही फार उशिरा, कारण लढाईबद्दल ते स्वतःहून कधी बोलत नाहीत.

त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेत, पदकांच्या रकान्यात रक्षा मेडल एवढीच नोंद आहे. त्याखालच्या ओळी मोकळ्या. तिथे पूर्वी स्टार हवा, संग्राम मेडल हवे आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल हवे. हे शेवटचे तर १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो जो सेवेत होता त्या प्रत्येकासाठी होते. समर सेवा स्टार आम्ही मागत नाही. १९६५ साली पलटण रणक्षेत्रात नव्हती, ते पदक त्यांचे नाही, आणि जे आपले नाही त्याला तात्या हात लावणार नाहीत हे मी वर सांगितलेच आहे.

ही चूक झाली कशी, हे शोधायला मला दोन वर्षे लागली. त्यात कुणाचा दुष्टावा नाही, म्हणूनच ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

लढाई संपली डिसेंबर १९७१ मध्ये. तिची पदके सरकारने जाहीर केली १७ जानेवारी १९७३ रोजी. मधे वर्षाहून अधिक काळ गेला. जाहीर झाल्यावरही पदक आपोआप जवानाच्या नावावर चढत नाही. पलटणीने यादी करायची, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीचा लेखी आदेश, काढायची, ती रेकॉर्ड ऑफिसला जायची आणि तिथल्या कारकुनाने ती जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदपत्रावर, उतरवायची. फौजी माणसाचे सगळे आयुष्य या पार्ट टू ऑर्डरवर चालते. लग्न, मूल, बढती, जखम, सगळे तिच्यात यावे लागते. जे तिच्यात आले नाही ते कागदाच्या दृष्टीने घडलेच नाही.

आता या मधल्या काळात जे पलटण सोडून गेले त्यांचे काय झाले असेल, पाहा. पदकांच्या याद्या बनू लागल्या तेव्हा तात्या पलटणीच्या हजेरीपटावर नव्हते. पलटण त्यावेळी असलेल्या जवानांची यादी पाठवणार, घरी गेलेल्यांची आठवण कोण ठेवणार? १९७३ मध्ये राखीव दलात पाठवताना कारकुनाने जे लिहिले तेच पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत गेले. १९६५ च्या लढाईबाबतही हेच झाले असणार, कारण तिची पदके १९६७ मध्ये आली. मधल्या दोन वर्षांत घरी आलेल्यांची डिस्चार्ज बुके काढून पाहावीत.

शेजारच्या तालुक्यात तात्यांच्याच कंपनीतले एक काका आहेत. १९७१ च्या डिसेंबरात दोघे एका खंदकात होते. ते पुढे सात वर्षे पलटणीत राहिले. त्यांच्या बुकात पूर्वी स्टार आहे, संग्राम मेडल आहे, सगळे आहे. दोन्ही बुके मी आमच्या ओसरीवर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला आणि अर्जाला जोडला. काकांनी शंभर रुपयांच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र करून दिले की हा माणूस माझ्याबरोबर होता. उत्तर आले : संबंधित पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख कळवावी.

महोदय, जी ऑर्डर निघालीच नाही तिचा क्रमांक आम्ही कुठून आणायचा?

ऑफिसचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, रणगाडा दलाचे नगरला, असे प्रत्येकाचे दप्तर वेगळे. मी ज्या ज्या माजी सैनिकांच्या घरच्यांशी बोलले त्यांची दप्तरे वेगवेगळी होती आणि उत्तरे जवळपास सारखी. तेव्हा एका कारकुनावर बोट ठेवून काही साधणार नाही. त्याला नियम जे सांगतो ते तो करतो. नियम तुमच्या हातात आहे.

आणि घाईचे कारणही नियमातच आहे. पेन्शनर जवानाची सेवेची कागदपत्रे पन्नास वर्षे ठेवतात, पेन्शन नसलेल्याची पंचवीस. मुदत भरली की ती नष्ट करतात. लाँग रोल, म्हणजे सगळ्या जवानांची एकत्र नोंदवही, तेवढा कायम राहतो, पण त्यात माणसाची चार ओळींची हकिकत असते. पंचवीस वर्षांच्या हिशेबाने पेन्शनविना घरी आलेल्या १९७१ च्या जवानांचे कागद केव्हाच गेले. पेन्शनरांची मुदत आता, या चार-पाच वर्षांत भरते आहे. तात्यांची २०२८ मध्ये भरेल. त्यानंतर आम्ही अर्ज केला तर उत्तर येईल की कागदपत्रे मुदतीनंतर नष्ट केली आहेत, आणि ते उत्तर नियमाला धरून असेल. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे. माणूस जिवंत आहे, स्वतःच्या पायाने झेंडावंदनाला जातो आहे, आणि तो लढला होता हे सांगणारा कागद त्याच्या आधी संपणार आहे.

मी एका ऑफिसात प्रत्यक्ष गेले तेव्हा तिथले साहेब सौजन्याने बोलले. त्यांनी विचारले, "यातून तुम्हाला मिळणार काय? पेन्शन तर वाढणार नाही." खरे आहे. शौर्यपदकाबरोबर भत्ता मिळतो, लढाईत हजर असल्याच्या पदकाला तो नसतो. तात्यांचे पेन्शन एका रुपयानेही वाढणार नाही, सरकारच्या तिजोरीवर भार पडेल तो पदकाच्या धातूचा आणि टपालाचा. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, ते आता देते.

आमच्या भागात गावाच्या वेशीवर, चावडीच्या भिंतीत जुन्या दगडी पाट्या सापडतात. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर त्यांवर कोरलेला असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, त्या एका गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. परक्या सरकारने, परक्या लढाईसाठी नेलेल्या माणसांची गावनिहाय मोजदाद केली आणि ती दगडावर लिहून ठेवली. शंभर वर्षे झाली, पाटीवर पोरे खेळतात, पण आकडा शाबूत आहे. तात्या स्वतंत्र भारताच्या फौजेत होते. त्यांच्या नावापुढची ओळ मोकळी आहे, आणि पुढे कुणी आमच्या गावातून १९७१ च्या लढाईला किती जण गेले हे कागदावरून मोजायला बसला तर त्यात तात्या धरले जाणार नाहीत. मला मिळणार आहे ते हे, की ते धरले जावेत.

दुसरेही एक आहे, ते बोलायला मला अवघड जाते. १६ डिसेंबरला विजय दिवसाच्या मेळाव्यात माजी सैनिक छातीवर पदके लावून बसतात. नव्या दमाचे लोक फिती पाहून माणूस ओळखतात. गेल्या खेपेला एका तरुण निवृत्त सुभेदाराने तात्यांना विचारले, "बाबा, इकात्तरला तुम्ही पीस स्टेशनला होता का?" म्हणजे लढाईपासून दूरच्या छावणीत. त्याने वाईट हेतूने विचारले नव्हते. तात्या "व्हय" म्हणाले. घरी आल्यावर मी चिडून विचारले, असे का सांगितलेत? तर म्हणाले, "पुरावा मागितला आसता त्यानं."

महोदय, यावरचा उपाय मोठा नाही. १९७१ मध्ये कोणती पलटण कोणत्या तारखेला कुठे होती हे पलटणीच्या युद्ध दैनंदिनीत आहे, म्हणजे तुमच्याच खात्याकडे आहे. कोणता जवान कोणत्या तारखेला कोणत्या पलटणीत होता हे त्याच्या शीट रोलवर आहे, तेही तुमच्याकडे. ही दोन दप्तरे एकमेकांशेजारी ठेवली की पूर्वी स्टार कुणाचा, पश्चिम आघाडीचा पश्चिमी स्टार कुणाचा हे कळते. जवान त्या दिवसांत रजेवर किंवा इस्पितळात असेल तर तेही त्याच शीट रोलवर दिसते. पंचविसाव्या वर्षाच्या मेडलला तर एवढेही लागत नाही, भरतीची आणि घरी आल्याची तारीख पुरते. मग पुराव्याचे ओझे ऐंशी वर्षांच्या माणसावर का? पार्ट टू ऑर्डर सापडत नसेल तर या दोन नोंदी जुळणे हाच पुरावा मानावा, असा एक आदेश आपण काढा. माझी सगळ्यात मोठी मागणी हीच.

तोवर १९६५ आणि १९७१ मध्ये सेवेत असलेल्या कोणाचेही कागद नष्ट करू नयेत. निदान स्कॅन केल्याशिवाय तरी एकही कागद जाऊ नये.

आणि अर्जाची वाट पाहू नका. हे मी विशेष करून सांगते, कारण आमच्यासारखी अर्ज करणारी घरे थोडी. कित्येकांना आपल्या बुकात काही राहिले आहे हेच माहीत नाही. अनेक जण गेले, मागे बायका आहेत, त्यांना बुकातले इंग्रजी वाचता येत नाही. फौजी पेन्शनची स्पर्श ही ऑनलाइन प्रणाली आली तेव्हा देशभरच्या पेन्शनरांची नावे, जन्मतारखा, बँक खाती तपासून घेतली गेली. तात्यांनाही त्यासाठी दोनदा तालुक्याला जावे लागले. म्हणजे हयात कोण आहे आणि कुठे राहतो याची यादी आज सरकारकडे तयार आहे. त्या यादीतले १९७१ चे लोक काढून त्यांच्या नोंदी रेकॉर्ड ऑफिसांनी स्वतः तपासाव्यात. वयाने थोरले असतील त्यांच्यापासून सुरुवात करावी. विधवांनाही त्यात धरावे.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जा, असे मला एका वकिलांनी सुचवले. मुंबईला त्याचे खंडपीठ आहे, वाट खुली आहे. पण तात्या तयार नाहीत. ज्या फौजेचे मीठ खाल्ले तिच्यावर दावा लावायचा नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही, तरी त्यांच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. म्हणून हे पत्र.

तात्यांचा नंबर, पलटण, डिस्चार्ज बुकाची प्रत, काकांचे प्रतिज्ञापत्र आणि आजवरचा पत्रव्यवहार मी वेगळ्या टपालाने आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. खुल्या पत्रात ते लिहिणे त्यांना आवडले नसते.

एक विनंती. उत्तर द्याल तेव्हा ते माझ्या नावाने नको. वर त्यांचा नंबर, मग हुद्दा, मग नाव, अशा क्रमाने लिहून त्यांच्याच नावाने पाठवा. पोस्टमन आला की दारात तेच असतात.

आपली नम्र,
एका माजी सैनिकाची मुलगी