तक्रार पत्र : दोन खंडांचे पैसे घेऊन एकच खंड पाठवल्याबद्दल

प्रति,
मुख्य अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : ‘बॅटमॅन : डेथ ऑफ द फॅमिली’ या कॉमिकच्या दोन खंडांच्या संचाऐवजी एकच खंड मिळणे, तोही खराब अवस्थेत, आणि तक्रार केल्यावर वेबसाइटवरचं वर्णन गुपचूप बदलणे.

महोदय / महोदया,

आपल्या वेबसाइटवरून मी वरील संच मागवला होता. ऑर्डर करताना तिथे दोन पुस्तकांचा फोटो होता आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं : ‘दोन खंडांचा संच. मुख्य कथा आणि तिच्याशी जोडलेल्या इतर मालिकांमधले अंक. जोकरच्या पुनरागमनाची संपूर्ण गोष्ट.’ त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पावती सोबत जोडली आहे. पार्सलमधून निघाला फक्त मुख्य कथेचा खंड, म्हणजे ‘बॅटमॅन’ मालिकेचे अंक १३ ते १७. दुसरा खंड खोक्यात नव्हता. तो मागाहून येईल अशी चिठ्ठी नव्हती आणि पावतीवरही तसा काही उल्लेख नाही.

आपल्या कस्टमर केअरच्या पहिल्या उत्तरात म्हटलं आहे की, ‘मुख्य कथा आपल्याला पूर्ण मिळालेली आहे, त्यामुळे वाचनात अडचण येऊ नये.’ हे वाक्य लिहिणाऱ्या व्यक्तीने हे पुस्तक उघडून पाहिलेलं नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. अडचण नेमकी कुठे येते ते सविस्तर लिहिते, कारण तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

२०११ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ही बॅटमॅनचीच दुसरी मालिका नव्याने पहिल्या अंकापासून सुरू झाली. त्या पहिल्याच अंकाच्या शेवटी जोकरच्या चेहऱ्याची कातडी सोलून अर्कमच्या, म्हणजे वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळाच्या, भिंतीवर टांगलेली दिसते आणि जोकर गायब होतो. पुढचं वर्षभर तो दिसला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘बॅटमॅन’च्या १३व्या अंकात तो परत आला आणि आला तो थेट पोलिसांच्या मुख्यालयात, स्वतःचा चेहरा परत न्यायला. स्कॉट स्नायडर यांनी तो प्रसंग लिहिला आहे आणि ग्रेग कॅपुलो यांनी काढला आहे. दिवे जातात. काळोखात जोकर बोलत राहतो, विनोद सांगतो आणि एकेका पोलिसाची मान मोडत पुढे सरकतो. कमिशनर गॉर्डन तिथेच आहेत, त्यांना सगळं ऐकू येतं आणि काही करता येत नाही. वाचणाऱ्यालाही जोकरचा चेहरा दिसत नाही. एवढा मोठा खलनायक वर्षभराने परत आणायचा आणि तो दाखवायचाच नाही, हे करायला धाडस लागतं. खलनायकाची इतकी भीती मला दुसऱ्या कुठल्या कॉमिकमध्ये वाटलेली नाही.

मग तो जाहीर करतो की मध्यरात्री महापौर मरणार. १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात जोकर पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने अशीच वेळ सांगून, पोलिसांच्या पहाऱ्यात माणूस मारला होता. या वेळी बारा वाजतात आणि महापौर जिवंत राहतो. मरतात ते त्याच्याभोवती पहारा देणारे पोलीस. जुन्या गुन्ह्यांवरून तो पुन्हा हात फिरवतो आहे, पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी उलटं करतो आहे, हे बॅटमॅनच्या लक्षात येतं तेव्हा आपल्याही अंगावर काटा येतो.

इथवर सगळं मला मिळालेल्या खंडात आहे. आता दुसऱ्या खंडाकडे येते.

या वेळी जोकरला बॅटमॅनशी भांडायचंच नाही. बॅटमॅन हा राजा, आपण त्याच्या दरबारातले विदूषक आणि बॅटमॅनच्या आजूबाजूला जमलेल्या माणसांनी राजाला दुबळं केलं आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो बॅटमॅनच्या घरचा कारभारी आल्फ्रेड याला पळवतो आणि मग बॅटमॅनच्या एकेका साथीदाराच्या मागे लागतो : नाइटविंग, बॅटगर्ल, रेड हूड, रेड रॉबिन, रॉबिन. या एकेकाची गोष्ट त्याच्या त्याच्या मालिकेत आली होती आणि ते सगळे अंक दुसऱ्या खंडात आहेत. त्या खंडासाठी म्हणूनच मी हा संच घेतला. मुख्य खंडात काय होतं? १६व्या अंकात बॅटमॅन अर्कममध्ये शिरतो आणि १७वा अंक उघडावा तर सगळेजण एका लांब टेबलाभोवती बांधलेले. ही माणसं तिथे पोचली कशी, पोचेपर्यंत त्यांचं काय झालं, त्यांना काय काय दाखवलं गेलं, हे त्या खंडात जवळजवळ नाहीच. ते जिथे आहे ते पुस्तक तुम्ही पाठवलेलं नाही.

बार्बरा गॉर्डनचंच, म्हणजे बॅटगर्लचंच घ्या. १९८८ साली जोकरने तिला गोळी घातली आणि पुढची कित्येक वर्षं ती व्हीलचेअरवर होती. ती बॅटगर्ल म्हणून परत उभी राहिल्यावर तोच माणूस तिच्या आईला पळवतो आणि तिच्याशी लग्न करायची मागणी घालतो. हा भाग गेल सिमोन यांनी लिहिला आहे. तो वाचल्यावर टेबलाशी बांधलेली बार्बरा वेगळी दिसते. किंवा जेसन टॉड. १९८८ मध्येच दुसऱ्या रॉबिनने, म्हणजे जेसनने, जगावं की मरावं यावर प्रकाशकांनी वाचकांची फोनवरून मतं घेतली होती. ५,३४३ विरुद्ध ५,२७१ अशा मतांनी जेसन मेला, जोकरच्या हातून. तोच जेसन पुढे रेड हूड म्हणून परतला आणि आता ज्याने आपल्याला मारलं त्याच्याच तावडीत सापडला आहे. मुख्य खंडात त्याच्या वाट्याला मोजकीच पानं येतात. नाइटविंगची, म्हणजे डिक ग्रेसनची, सर्कस जोकर कशी उद्ध्वस्त करतो, किंवा आताचा रॉबिन डेमियन याच्यासमोर जोकर उभा राहतो तेव्हा त्याने तो सोललेला चेहरा उलटा लावलेला असतो, पॅट्रिक ग्लीसन यांनी काढलेली ती पानं – हे सगळं दुसऱ्या खंडात.

सुट्या अंकांतून ही कथा मी तुकड्यातुकड्यांनी वाचली होती. काही अंक मित्रमैत्रिणींकडचे, काही कधी मिळालेच नाहीत. म्हणून सगळं एकत्र, क्रमाने, एका बैठकीत वाचायला मिळावं ही फार दिवसांची इच्छा होती. आपल्या वेबसाइटवर ‘संपूर्ण गोष्ट’ हे शब्द वाचूनच मी पैसे भरले.

आता मिळालेल्या खंडाच्या अवस्थेबद्दल. पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापील बारकोड आहेच. तरीही आपल्या गोदामातून कोणीतरी दुसरा बारकोडचा स्टिकर मुखपृष्ठावर, चित्राच्या अगदी मधोमध चिकटवला आहे. तो काढण्यासाठी मी हेअर ड्रायरने गरम केला, एका कोपऱ्यापासून नखाने हळूहळू उचलला. अर्धा निघाला आणि मग लॅमिनेशनचा पापुद्रा त्याच्याबरोबर सुटून आला. खाली कागदाचा पांढरा रंग उघडा पडला आहे. बाकीचा अर्धा स्टिकर मी तसाच ठेवला आहे, म्हणजे फोटोत तुम्हाला दोन्ही दिसेल. पुस्तकाभोवती बबल रॅप नव्हता, खोका पुस्तकाच्या दुप्पट आकाराचा आणि रिकामा, त्यामुळे खालचे दोन्ही कोपरे चेपले आहेत. कॉमिक संग्रही ठेवणाऱ्या माणसाला मुखपृष्ठ म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. निदान कॉमिकची विक्री करणाऱ्या कंपनीला तरी.

दुसरी एक गोष्ट पैशांची नाही, तरीही मला ती तितकीच लागली. आपल्या वेबसाइटवर या पुस्तकाच्या वर्णनात दुसऱ्याच ओळीत कथेचा शेवट सांगून टाकला आहे. टेबलावरच्या झाकलेल्या ताटांत काय असतं आणि बॅटमॅन-जोकर यांची शेवटची भेट कशी संपते, दोन्ही. मला शेवट माहीत होता, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याचं काय? ही कथा पाच अंकभर त्या झाकणांकडे चालत जाते. वाचकाने पान उलटायला घाबरावं म्हणून लेखक-चित्रकारांनी जे केलं आहे, त्यावर तुमच्या एका ओळीने पाणी पडतं. तो शेवट मी या पत्रातही लिहिलेला नाही, कारण हे पत्र तुमच्याकडे ज्या कोणाच्या हाती पडेल त्याने कदाचित हे पुस्तक अजून वाचलं नसेल.

सर्वांत गंभीर भाग पुढचा आहे. मी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा वेबसाइटवर ‘दोन खंडांचा संच’ हे शब्द होते. ‘वाचनात अडचण येऊ नये’ हे उत्तर आल्यावर मी पुन्हा लिहिलं आणि ते पान पुन्हा उघडून पाहिलं, तर ते शब्द काढलेले होते, फोटोत एकच पुस्तक उरलं होतं, किंमत मात्र तीच होती. त्यानंतर आलेल्या उत्तरात मला सांगण्यात आलं की, ‘पाठवलेली वस्तू वेबसाइटवरील वर्णनाप्रमाणेच आहे.’ मी स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर उत्तर आलं की फोटो केवळ माहितीसाठी असतो. फोटोचं सोडा, खालच्या लिखित मजकुराचं काय, असं मी विचारलं, तेव्हा पुस्तक उघडून वाचल्यामुळे ते परत घेता येणार नाही असं कळवलं गेलं. आत किती अंक आहेत हे न उघडता मी कसं पाहायचं होतं, याचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या खरेदीवर सवलतीचं एक कूपन मात्र आलं आणि माझी तक्रार तुमच्या नोंदीत ‘निकाली’ म्हणून बंद झाली. ते कूपन मी वापरलेलं नाही आणि वापरणारही नाही. मी कूपन मागितलं नव्हतं.

पहिला भाग चूक असू शकतो. गोदामात गर्दी असते, एक पुस्तक खोक्यात टाकायचं राहतं, हे मी समजू शकते आणि त्यासाठी इतकं लांब पत्र लिहिलं नसतं. पण ग्राहकाची तक्रार आल्यावर जाहिरातीतला मजकूर बदलायचा आणि बदललेला मजकूर दाखवून तक्रार खोटी ठरवायची, हे चुकून होत नाही. यात पुस्तकाच्या प्रकाशकांचा काही संबंध नाही. दोन्ही खंड त्यांनी स्वतंत्र काढले आहेत. ते संच म्हणून विकायला ठेवले ते आपण आणि वर्णन लिहिलं आणि बदललं तेही आपणच.

माझी मागणी अशी आहे :

जोडकथांचा दुसरा खंड मला जादा पैसे न घेता पाठवावा. स्टिकर लावून खराब केलेला पहिला खंड आपल्या खर्चाने परत न्यावा आणि त्याच आवृत्तीची, मुखपृष्ठावर काहीही न चिकटवलेली प्रत द्यावी. दुसऱ्या आवृत्तीची किंवा साध्या बांधणीची चालणार नाही, कारण दोन्ही खंड कपाटात शेजारी ठेवायचे आहेत. दुसरा खंड आपल्याकडे उपलब्ध नसेल तर तसं लेखी कळवावं आणि पूर्ण रक्कम, पाठवणीच्या खर्चासह, ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. वर्णनातून कथेचा शेवट काढून टाकावा. त्या काळात हा ‘संच’ आणखी ज्यांनी मागवला असेल, त्यांना आपण होऊन कळवावं, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाने स्क्रीनशॉट काढून ठेवला असेलच असं नाही. आणि मजकूर कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला, याचं उत्तर मला ठरावीक साच्यातलं नको. ज्या अधिकाऱ्याने चौकशी केली त्याच्या सहीचं हवं.

उत्तर पंधरा दिवसांत मिळावं. न मिळाल्यास ही सगळी कागदपत्रं घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

सोबत : ऑर्डर करतानाचा स्क्रीनशॉट, बदललेल्या पानाचा स्क्रीनशॉट, पावती, खोक्याचे आणि मुखपृष्ठाचे फोटो, कस्टमर केअरशी झालेला पूर्ण पत्रव्यवहार.

कळावे,

आपली,
एक ग्राहक