बाबांच्या राहण्याविषयी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

वृद्धाश्रमांत चौकशी केली. साखर, बीपी, गुडघे, सगळं चालतं. 'पितात' म्हटलं की समोरच्याला फोन ठेवायची घाई होते. आई, अर्जातल्या व्यसनाच्या रकान्यात 'नाही' लिही म्हणालीस, ते मी लिहिणार नाही. तिथे दारू एकदम तुटली तर काय होतं, ते गणपतीत आपण पाहिलंय. तू बाटली मोरीत ओतलीस. दुसऱ्या दिवशी बाबांना कप धरवेना, तिसऱ्या रात्री ते भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकत होते. ते नाटक नव्हतं. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर फिट येते, जीवही जाऊ शकतो. तेव्हा डॉक्टर सांगेपर्यंत बाटली फेकू नकोस. (मीच हे लिहितेय!)

आधी हॉस्पिटल. तिथे औषधं देऊन, नजरेखाली ठेवून दारू सोडवतील, थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं देतील. बाबा, डॉक्टरांना 'एखादा पेग' सांगू नका. रोज संध्याकाळी क्वार्टर संपते, हे मला माहीत आहे. झोपेच्या गोळीचंही सांगा. दारूवर ती घेतली की श्वास मंदावतो, आणि या वयात रात्री बाथरूमला जाताना पडलात तर खुबाच मोडायचा.

मग पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. तुमच्या पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं. तुमचं वय आणि साखर पाहून घेतील का, ते विचारते. पण तुम्हाला फसवून गाडीत घालून कुठेही नेणार नाही. तुम्ही 'हो' म्हणालात तरच. आश्रमाचं त्यानंतर बघू, तेव्हा अर्जात लपवण्यासारखं काही उरणार नाही.

आई, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका असतात. एकदा जाऊन ये. इतकी वर्षं तू शेजाऱ्यांना 'त्यांना बरं नाही' सांगत आलीस, तिथे तेवढं तरी सांगावं लागणार नाही. मी फोन उचलला नाही तर १४४४६ लाव, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. पण बाबांचे हातपाय थरथरायला लागले किंवा ते असंबद्ध बोलायला लागले, तर कुणाला विचारत बसू नकोस, १०८ ला फोन कर.

शनिवारी येते. साखरेचे रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड एका पिशवीत ठेवा. आत्याला काय सांगायचं ते बाबांनी ठरवावं. मला विचारलं तर मी खरं सांगेन.

तुमची,
धाकटी