नांगर वळायला जागा हवी

माघ वद्य ५, शके १८३९

चिरंजीव बापूस आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. आईला वाचून दाखवले. पहाटे उठून शेतकी कॉलेजच्या गोठ्यात धारा काढाव्या लागतात हे ऐकल्यावर तिचे हसू थांबेना. घरी होतास तेव्हा गोठ्याकडे फिरकत नव्हतास, आता सुटीत आलास की म्हैस तुझ्याकडे, असे तिने सांगून टाकले आहे. तुझ्या खोलीतल्या वकिलाच्या मुलाच्या हाताला नांगर धरून फोड आले, ते तू चेष्टेने लिहिलेस. मला ते आवडले नाही. फोड आलेल्या हाताने तो दुसऱ्या दिवशी शेतावर आला की नाही, ते कळव. आला असेल तर सुटीत त्यालाही इकडे घेऊन ये.

मोरचुदाचे सांगतो. काणीचा रोग लागू नये म्हणून तू लिहिलेस तसे शाळूचे बी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवून काढले, सावलीत सुकवले आणि पेरले. लोखंडी घमेले नको म्हणालास म्हणून मातीच्या डेऱ्यात कालवले. निम्म्या वावरात ते बी आणि निम्म्यात नेहमीचे, असे मुद्दाम केले. मोरचुदाच्या अंगाला काणी औषधालाही सापडली नाही. दुसऱ्या अंगाची कणसे खळ्यावर घातली तर बैलांच्या पायांखाली काळी पूड उडत होती. लोक आले, बघून गेले, तोंडातून कुणी शब्द काढला नाही. पण रात्री एकेकजण येऊन पुडी कुठे मिळते ते विचारून गेला. येताना जास्तीची आण.

तू पाठवलेला गुऱ्हाळाच्या चुलवणाचा नकाशा गुळव्याला दाखवला. काहील बसेल, पण जाळ मागच्या अंगाला खेळणार नाही, असे त्याचे म्हणणे. मी वाद घातला नाही. आधण बिघडले तर पैसे आपले जातात, पण नाव त्याचे जाते. चिपाडांवरच गूळ निघाला आणि लाकूड वाचले तर मला हवेच आहे, तेव्हा तू आलास की दोघांनी समोरासमोर बसा.

नीरेच्या कालव्याखालच्या जमिनी पाणी जास्त झाल्याने खारवट होऊन पांढऱ्या पडल्यात, हे तू लिहिलेले इथे कुणाला पटत नाही. पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्यांना कसे पटावे?

आता नांगराचे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्या, असा तू पत्रापत्रातून लकडा लावला आहेस. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणणाऱ्यांतला मी नाही. कुंडलला जाऊन तो नांगर चालताना बघून आलो आहे. माती खालून उलटते, हरळी मुळासकट वर येते. आपल्या लाकडी नांगराला ते साधत नाही, हे कबूल. पण आपल्या ओढ्याकडच्या पट्टीची रुंदी तू विसरलास काय? या बांधावरून त्या बांधावरच्याला तंबाखू देता येते, एवढी. उभे तास कसेबसे निघतील. आडवी नांगरट करायला तीन जोड्या जुंपल्या तर नांगर आपल्या वावरात आणि पुढची जोडी तात्याच्या हरभऱ्यात. नांगरापायी भावकीत फौजदारी व्हायची.

तुमच्या कॉलेजचे प्रिन्सिपल मॅनसाहेब, त्यांच्या पुस्तकातले पिंपळे सौदागर गावाचे आकडे तू मराठीत उतरवून पाठवलेस, ते मी चावडीत वाचून दाखवले. १७७१ साली एकेका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ च्या सुमारास साडेसतरा, आणि आता ७. खातेदार १५६ आणि तुकडे ७२९. त्यातले ४६३ एकराच्या आतले, ११२ तर १० गुंठ्यांच्याही आतले. चावडी गप्प झाली. पुण्याजवळच्या गावाची ही गत, म्हणजे आपली निराळी नाही, हे सगळ्यांना न सांगता उमगले. एका साहेबाने खेड्यात बसून बांधनबांध मोजला, याचेच काहींना जास्त नवल वाटले.

मोजले ते खरे आहे. पण त्या आकड्यांखाली तू आपल्या पदरची एक ओळ लिहिलीस, की हा सारा शेतकऱ्याचा अडाणीपणा आहे. ती ओळ खोडून टाक.

तुझ्या पणजोबांनी तिघा मुलांना वाटणी दिली, तेव्हा विहिरीखालची, काळी आणि माळ अशी तिन्ही वावरे तिन्ही ठिकाणी चिरली. एकेकाला एकेक वावर देणे सोपे होते, तुझ्या नकाशात ते नीटनेटकेही दिसले असते. पण ज्याच्या वाट्याला नुसता माळ आला असता, तो १९०० च्या दुष्काळात उठून गेला असता. आपली जनावरे जगली ती विहिरीखालच्या चार गुंठ्यांतल्या कडवळावर. उलट गेल्या पावसाळ्यात काळीत पाणी तुंबून राहिले, तेव्हा बाजरी दिली ती माळाने. कोणते वर्ष कसे येईल हे ठाऊक नसणाऱ्या माणसाने केलेली ती वाटणी होती, आणि त्या माणसाला हिशेब येत होता.

मात्र आता ती पुरायची नाही, हेही खरे. तुझ्या आणि दादाच्या वेळी ओढ्याच्या पट्टीचे आणखी दोन भाग झाले, तर बांधातच निम्मी जमीन जाईल. म्हणून मी असे ठरवले आहे, की यापुढे आपल्या कोणत्याही वावराला चीर द्यायची नाही. वाटायचे ते खळ्यावरचे धान्य आणि गुळाचा पैसा. तू शेती केलीस तर दोघांनी मिळून करा. मामलेदार कचेरीत किंवा शेतकी खात्यात जागा मिळून गेलास तरी मला दुःख नाही, गावाची तर तीच अटकळ आहे. पण नोकरीवर बसून आपल्या हिश्शाचा तुकडा पाडायचा आणि तो खंडाने लावायचा, असे करू नकोस. दादा कबूल आहे. तुझा होकार किंवा नकार स्पष्ट शब्दांत हवा. आईला विचारून कळवतो, वगैरे नको.

दुसरे, तात्याशी अदलाबदलीचे बोलणे काढले आहे. ओढ्याकडची आपली पट्टी त्याने घ्यावी आणि माळावरची त्याची, आपल्या वावराला लागून असलेली, आपल्याला द्यावी. दोघांचेही सलग होईल आणि नांगर वळेल. तो नाही म्हणत नाही, होही म्हणत नाही. माझ्या मोजण्यावर त्याचा विश्वास नाही, त्याच्या मोजण्यावर माझा नाही. तुझ्यावर दोघांचा आहे. कॉलेजात मोजणी शिकवतात म्हणालास, तर शंकूसाखळी मागून मिळते का बघ. नाहीच मिळाली तर ३३ फुटी दोरी चालली असती, पण दोरी ओली झाली की आखडते, आणि तात्या नेमके तेच म्हणेल. तेव्हा साखळीच आण. मोजायला सुरुवात त्याच्या बांधावरून कर, आणि गुंठ्याचा फरक निघालाच तर तो त्याच्या पदरात टाक.

सुटी कधी लागते ते आधी कळव, म्हणजे स्टेशनवर गाडी पाठवता येईल. कळावे.

तुझा
आबा